धर्मस्वातंत्र्य : कोणाचे आणि कशासाठी?

धर्मस्वातंत्र्य आणि कायदा या विषयावर जगात दरवर्षी कोठे ना कोठे परिषदा भरत असतात. न्यायाधीश येतात, विधिज्ञ येतात, मंत्री आणि राजदूत येतात, निरनिराळ्या धर्मांचे आचार्य येतात. निबंध वाचले जातात, ठराव संमत होतात आणि मंडळी आपापल्या देशी परततात. अमेरिकेतील प्रोव्हो येथे १९९४ सालापासून असा परिसंवाद दरवर्षी भरत आला आहे. नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथे १९९८ साली याच विषयावर जागतिक परिषद झाली. सातारा जिल्ह्याच्या सीमेवरील आमच्या लोणंद गावी, जेथे कांद्याचा भाव हा दिवसाच्या संभाषणाचा पहिला विषय असतो, तेथवर या परिषदांचा प्रतिध्वनी सहसा पोहोचत नाही. मग आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांनी या विद्वच्चर्चेची दखल का घ्यावी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

दखल घ्यावी, कारण त्या साऱ्या चर्चेच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे आणि तो प्रत्येक घरात आज ना उद्या उभा राहतो. ज्याची श्रद्धा आपणास चुकीची वाटते, त्याला ती बाळगण्याचा, आचरण्याचा आणि इतरांना सांगण्याचा हक्क आहे काय? असेल, तर तो हक्क त्याला कोणी दिला? शासनाने दिला असेल तर शासन तो काढूनही घेऊ शकेल. बहुसंख्याकांच्या औदार्याने मिळाला असेल तर ते औदार्य आटल्यावर तोही आटेल. आणि जर तो परमेश्वराने दिला असेल, तर ज्याची श्रद्धा आपल्या परमेश्वराला ओळखतच नाही, त्यालाही तो त्यानेच दिला असे आपण म्हणावयास तयार आहोत काय?

या प्रश्नावरील जागतिक संवादाचा सर्वांत मोठा प्रयोग १९४७ आणि १९४८ या दोन वर्षांत झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या राखेतून उठणाऱ्या राष्ट्रांना मानवी हक्कांचा एक समान जाहीरनामा हवा होता. युनेस्कोने जगातील विचारवंतांना पत्रे पाठवून, मानवी हक्कांचा आधार काय, अशी पृच्छा केली. महात्मा गांधींनी मे १९४७ मध्ये धावत्या आगगाडीतून त्रोटक उत्तर धाडले. आपल्या निरक्षर पण शहाण्या मातेकडून आपण शिकलो, की नीट पार पाडलेल्या कर्तव्यातूनच हक्क उपजतात, असा त्याचा आशय होता. साम्यवादी, उदारमतवादी, कन्फ्यूशियसचे अनुयायी, ख्रिस्ती अशा सर्वांनी आपापल्या परीने उत्तरे दिली. या उपक्रमात अग्रभागी असलेले फ्रेंच कॅथलिक तत्त्वज्ञ झाक मारितँ यांनी त्याची एक मार्मिक आठवण नोंदवून ठेवली आहे. परस्परविरोधी विचारांची ही माणसे हक्कांच्या एकाच यादीवर कशी सहमत झाली, याचे कोणाला तरी आश्चर्य वाटले. तेव्हा उत्तर मिळाले, की सहमती आहे खरी, मात्र ‘का’ असे कोणी विचारावयाचे नाही, या अटीवर!

जाहीरनाम्याचा मसुदा करणाऱ्या आयोगाच्या अध्यक्षा एलिनॉर रूझवेल्ट होत्या. लेबनॉनचे ख्रिस्ती तत्त्वज्ञ चार्ल्स मलिक आणि चीनचे विद्वान पी. सी. चांग हे तिचे प्रमुख सहकारी होते. आयोगावर भारताच्या प्रतिनिधी होत्या हंसाबेन मेहता. पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघू शकेल अशी शब्दरचना होती. तेथे ‘सर्व मानव’ हे शब्द हंसाबेनच्या आग्रहाने आले. अठरावे कलम धर्मस्वातंत्र्याचे. त्यात धर्म बदलण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत असावा, असा मलिक यांचा आग्रह होता. सौदी अरेबियाच्या प्रतिनिधीने या शब्दांना विरोध केला. पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री सर महंमद जफरुल्ला खान यांनी मात्र कुराणाचाच आधार घेऊन, श्रद्धेच्या बाबतीत बळजबरीला स्थान नाही, असे सांगत त्या कलमाला पाठिंबा दिला. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे ४८ राष्ट्रांनी जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिले. विरोधात एकही मत पडले नाही. आठ राष्ट्रे तटस्थ राहिली.

याच्या अवघ्या चार दिवस आधी, ६ डिसेंबर १९४८ रोजी, दिल्लीत आपल्या संविधान सभेने आजचे पंचविसावे कलम संमत केले होते. सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य, तसेच धर्म प्रकट करण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क त्यात आहे. ‘प्रसार’ या शब्दावरून तेथे खडाजंगी झाली. ओरिसाचे लोकनाथ मिश्र यांना तो शब्द नको होता. बिहारचे तजम्मुल हुसेन यांना धर्माचरण खासगी राहावे असे वाटत होते. उलट बंगालचे पंडित लक्ष्मीकांत मैत्र यांनी त्या शब्दाची जोरदार तरफदारी केली. टी. टी. कृष्णम्माचारी यांनी सांगितले, की आपण चौदा वर्षे ख्रिस्ती संस्थांत शिकलो आणि तेथे आपले धर्मांतर करण्याचा कोणी प्रयत्न केला नाही. मुंबईचे कन्हैयालाल मुनशी यांनी, हा शब्द अल्पसंख्याकांशी झालेल्या समझोत्याचा भाग असून तो पाळला पाहिजे, अशी भूमिका घेतली. वाचकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. हा शब्द आपल्या पदरात टाकणारी सभा बव्हंशी हिंदू सदस्यांची होती, आणि फाळणीच्या जखमा तेव्हा ओल्या होत्या.

येथे तत्त्वचिंतकाला एक शंका येते. ‘का’ विचारायचे नाही अशा अटीवर झालेली सहमती किती टिकाऊ? जफरुल्ला खान यांचेच उदाहरण बोलके आहे. ते अहमदिया पंथाचे होते. ज्या राष्ट्राच्या वतीने त्यांनी श्रद्धेच्या स्वातंत्र्याचा कैवार घेतला, त्याच राष्ट्राने १९७४ साली घटनादुरुस्ती करून त्यांच्या पंथाला इस्लामबाह्य ठरविले. पॅरिसमधील सही कागदावर राहिली. कागदामागचे कारण लोकांच्या अंतःकरणात रुजले नव्हते. म्हणून विद्वानांनी आणि अधिकाऱ्यांनी ‘काय’ यावर एकमत करावे हे इष्टच आहे. परंतु प्रत्येक श्रद्धासमाजाने आपल्या घरी बसून ‘का’ या प्रश्नाचे उत्तर आपल्याच श्रद्धेतून शोधले पाहिजे. ते काम कोणतीही परिषद दुसऱ्यासाठी करू शकत नाही.

आपल्या ख्रिस्तसभेलाही हे उत्तर सहजासहजी सापडले नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. ‘चुकीला हक्क नसतो’ हे सूत्र शतकानुशतके प्रमाण मानले गेले. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन स्थापन झाले आणि मधला थोडा खंड वगळता ते १८१२ पर्यंत चालले. नवख्रिस्ती कुटुंबांच्या चालीरीतींवर, भाषेवर, अगदी घरातल्या लग्नकार्यावरही त्याची नजर होती. आता याच काळातील दुसरे चित्र पाहावे. १५८० साली गोव्याहून रुडॉल्फ अक्वाविवा, मॉन्सेरात आणि हेन्रिकेस हे तीन येशूसंघीय धर्मगुरू फत्तेपूर सिक्रीला पोहोचले. सम्राट अकबराने त्यांना सन्मानाने वागविले, आपल्या दरबारातील मौलवींशी मुक्त वादविवाद करू दिला आणि प्रार्थनास्थळासाठी जागा दिली. म्हणजे आपल्या धर्मगुरूंना मुसलमान बादशहाच्या राजधानीत जे स्वातंत्र्य मिळत होते, ते गोव्यातील हिंदूला ख्रिस्ती राजाच्या राज्यात मिळत नव्हते. ही विसंगती त्या काळी फारच थोड्यांना बोचली असावी. आपणास ती बोचली पाहिजे. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये जी जाहीर क्षमायाचना केली, तीत सत्याच्या सेवेच्या नावाखाली वापरलेल्या बळजबरीचा समावेश होता, हे आपण विसरता कामा नये.

या जुन्या सूत्रातील दोष दाखविणाऱ्यांपैकी एक होते अमेरिकन येशूसंघीय धर्मगुरू जॉन कोर्टनी मरे. १९५० च्या दशकात त्यांना या विषयावर लिहिण्यास वरिष्ठांनी मज्जाव केला. त्यांनी आज्ञा पाळली आणि वाट पाहिली. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत त्यांनाच तज्ज्ञ म्हणून पाचारण करण्यात आले. ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याची घोषणा २,३०८ विरुद्ध ७० मतांनी संमत झाली. तिचे मर्म एका वाक्यात सांगता येईल. चुकीला हक्क नसतो हे खरे. पण त्याच अर्थाने सत्यालाही हक्क नसतो. हक्क माणसाला असतो. माणूस परमेश्वराच्या प्रतिमेत निर्माण झाला आहे, म्हणून सत्य शोधण्याचे कर्तव्य त्याच्यावर आहे. आणि ज्याच्यावर शोधाचे कर्तव्य आहे, त्याच्या मानेवर सुरी ठेवून शोध घेता येत नाही. गांधीजींनी कर्तव्यातून हक्क काढला होता. परिषदही वेगळ्या वाटेने त्याच मुक्कामाला आली. शुभवर्तमानातील तो श्रीमंत तरुण प्रभूसमोरून खिन्न होऊन निघून गेला, तेव्हा प्रभूने त्याच्यामागे शिष्य धाडले नाहीत. जाऊ देण्याची ती मोकळीक प्रभूच्या प्रीतीचाच भाग होती.

हे आपले ‘का’ झाले. शेजाऱ्याचे ‘का’ निराळे असेल. लोणंदला राहणाऱ्यांना याची जाणीव आषाढात विशेष होते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरास्नान आटोपून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्काम करते. हा सोहळा आजच्या स्वरूपात आणणारे हैबतबाबा हेही याच जिल्ह्यातील आरफळचे. त्या दिवसांत गावचे रस्ते गावाचे राहत नाहीत. वाहतूक वळवावी लागते, पाण्याची, औषधांची, निवाऱ्याची सोय करावी लागते, सरकारी यंत्रणा राबत असते. ज्यांची विठ्ठलावर श्रद्धा नाही त्यांनाही रस्ता मोकळा करून द्यावा लागतो. धर्मस्वातंत्र्य म्हणजे मनातल्या मनात काहीही मानण्याची मुभा एवढेच नव्हे, हे पालखी आपणास शिकविते. ते रस्त्यावर चालते, पाणी पिते, आवाज करते आणि इतरांकडून थोडी जागा मागते. ती जागा आपण कुरकुर न करता दिली, तर गुड फ्रायडेला क्रुसाच्या वाटेची भक्ती रस्त्यावरून नेण्यासाठी आपण जेव्हा पोलीस ठाण्यात अर्ज करतो, तेव्हा त्या अर्जामागे कायद्याबरोबरच शेजारधर्माचेही बळ उभे राहते.

ही पालखी ज्या पंढरपूरला जाते, तेथील इतिहासही या विषयावर प्रकाश टाकतो. संत चोखोबांची समाधी विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर पायरीपाशी आहे. जन्माने ठरलेली अस्पृश्यता त्यांना आत येऊ देत नव्हती. ते दार अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले, तेव्हा ते उघडले. संविधानाच्या पंचविसाव्या कलमानेही सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था सर्व वर्गांच्या हिंदूंना खुल्या करण्याचा अधिकार शासनाला दिला. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. माणसाच्या श्रद्धेवर परकी सत्ताच घाला घालते असे नाही. पुष्कळदा आपलाच समाज उंबरठ्यावर आडवा पडतो. मुंबई राज्याने १९४९ साली धार्मिक बहिष्काराला बंदी करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मप्रमुखांनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरविला. समाजाचे स्वातंत्र्य मोठे की त्या समाजातील एकट्या माणसाचे, हा प्रश्न त्यानंतरही संपला नाही. महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरूनच त्याची तीव्रता दिसते.

आता आपल्या समाजाला झोंबणाऱ्या गोष्टींकडे वळू. मध्य प्रदेशने १९६८ साली धर्मांतरावर निर्बंध घालणारा कायदा केला. त्याला आव्हान देणारा खटला एका ख्रिस्ती धर्मगुरूच्या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७७ साली न्यायालयाने सांगितले, की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे इतरांपर्यंत पोहोचविणे; दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, कारण दुसऱ्यालाही सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आहे. या निर्णयावर आपल्या समाजात पुष्कळ टीका झाली. आमच्या मते त्यातील अर्धा विचार निर्विवाद खरा आहे. दुसऱ्याचे अंतःकरण ही आपली मालमत्ता नव्हे. कोणी कोणाचे धर्मांतर ‘करू’ शकत नाही, आणि आमिषाने किंवा धाकाने जे घडते त्याला श्रद्धा म्हणता येत नाही. आपल्या परिषदेची घोषणाही हेच सांगते. पण उरलेला अर्धा विचार मात्र सुटून गेला. त्या दुसऱ्या माणसाला स्वतःहून श्रद्धा बदलावीशी वाटली तर काय? त्याने आधी जिल्हाधिकाऱ्याला कळवावे काय? अंतःकरणातील परिवर्तनाला पूर्वसूचनेची तारीख कशी घालावयाची? हिमाचल प्रदेशच्या २००६ च्या कायद्यातील पूर्वसूचनेचे कलम तेथील उच्च न्यायालयाने २०१२ साली रद्द केले, ते याच कारणाने. पुढे इतर राज्यांनी त्याहून कडक कायदे केले. महाराष्ट्र सरकारनेही सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध कायद्याचा अभ्यास करण्यासाठी फेब्रुवारी २०२५ मध्ये पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हा हा प्रश्न जिनिव्हाचा किंवा ऑस्लोचा उरलेला नाही.

दुसरी गोष्ट याहून अधिक वेदनादायी आहे. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या मर्यादित केल्या. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. मद्रासमध्ये रस्त्याच्या कडेला बसून जोडे शिवणारा एक चर्मकार होता. सरकारने त्याच्या व्यवसायबंधूंना टपऱ्या दिल्या. त्याला दिली नाही, कारण तो ख्रिस्ती झाला होता. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८५ साली हरला. धर्मांतरानंतरही जातीचे दुःख तितकेच राहते, याचा पुरेसा पुरावा नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली ही धर्माची अट काढावी अशी शिफारस केली. तिची अंमलबजावणी झाली नाही. श्रद्धा बदलण्याचे स्वातंत्र्य आहे, पण त्याची किंमत पोटाला चिमटा काढून मोजावी लागते, असा याचा अर्थ होतो. आणि येथेही आपल्याकडे एक बोट वळते. धर्मांतरानंतर जातीचे दुःख खरोखरच उरले नसते, तर या वादाला कारणच राहिले नसते. ते उरले, कारण आपल्या मंडपात, आपल्या सोयरिकीत, काही ठिकाणी आपल्या कबरस्थानातही आपण ते उरू दिले.

अशा प्रश्नांवर विद्वानांचा आणि अधिकाऱ्यांचा आंतरराष्ट्रीय संवाद निष्फळ असतो काय? तसे आम्हांस वाटत नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या धर्मस्वातंत्र्यविषयक विशेष प्रतिनिधी अस्मा जहांगीर मार्च २००८ मध्ये भारतात आल्या होत्या. पाकिस्तानची एक मुसलमान महिला वकील भारतातील ख्रिस्ती, मुसलमान, शीख यांची गाऱ्हाणी ऐकते आणि आपल्या अहवालात ती निर्भीडपणे मांडते, हे दृश्यच पुष्कळ काही सांगून जाते. त्यांनी स्वतःच्या देशातील धर्मनिंदेच्या कायद्याविरुद्धही आयुष्यभर झुंज दिली. आपल्या घरातील अन्यायाकडे डोळेझाक करणाऱ्याला शेजाऱ्याच्या घरातील अन्यायावर बोलण्याचा अधिकार उरत नाही. त्यांना तो होता. अशा संवादातून कायद्याला भाषा मिळते, पीडिताला साक्षीदार मिळतो, आणि आपले म्हणणे जगात कोणीतरी याआधी मांडून ठेवले आहे, हा धीर मिळतो.

परंतु कसोटी शेवटी घरात लागते, आणि ती अशा जागी लागते जेथे आपला लाभ नसतो. १९८५ साली केरळात यहोवाच्या साक्षीदारांच्या तीन मुलांना राष्ट्रगीत न गायल्याबद्दल शाळेतून काढले. ती आदराने उभी राहत; गात मात्र नसत. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. त्यांचा पंथ आपणास मान्य नाही. आपल्या दारी ते पुस्तिका घेऊन येतात तेव्हा आपण दार लोटून घेतो. तरीही त्या तीन मुलांची बाजू आपली आहे, असे म्हणता आले तरच आपणास धर्मस्वातंत्र्य समजले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली म्हटले, की कोणताही धर्म न मानण्याचा हक्कही सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यातच येतो. मिस्साला येण्याचे थांबविलेल्या आपल्याच तरुण मुलाविषयी बोलताना हा निर्णय आपणास आठवतो काय?

मिश्रविवाहाचा प्रश्न तर प्रत्येक धर्मग्रामात आहे. पूर्वी मुले कॅथलिक वाढविण्याचे वचन अन्यधर्मीय जोडीदाराकडूनही घेतले जाई. १९७० साली पोप पॉल सहावे यांनी तो नियम बदलला. वचन केवळ कॅथलिक व्यक्तीने द्यावयाचे, दुसऱ्याला त्याची फक्त कल्पना द्यावयाची. ख्रिस्तसभेने आपला आग्रह सोडला नाही. तो फक्त स्वतःच्या लेकराकडे वळविला आणि परक्याच्या लेकीसुनेच्या अंतःकरणाला मोकळे ठेवले. आपल्या घरी येणारी सून देवघरातील एखादी लहानशी मूर्ती पेटीतून घेऊन आली, तर आपण तिला ती ठेवण्यास जागा देतो, की लपविण्यास भाग पाडतो? आणि आपली लेक ज्या घरी गेली आहे, तेथे तिच्या जपमाळेला जागा असावी अशी अपेक्षा करताना या प्रश्नाचे उत्तर आपल्यापाशी तयार असते काय?

आपला विश्वास पातळ करावा असे आम्ही सुचवीत नाही. ज्याला आपला विश्वास खरा वाटत नाही, त्याला दुसऱ्याच्या स्वातंत्र्याची किंमतही कळत नाही. त्याला सगळेच सारखे वाटते. ज्याला तो खरा वाटतो, त्यालाच दुसऱ्याने तो नाकारल्याचे दुःख होते, आणि ते दुःख सोसूनही तो दुसऱ्याला मोकळे ठेवतो. परिषदांतील विद्वान ‘का’ या प्रश्नाला बगल देऊन एकत्र बसू शकतात. आपणास ती सोय नाही. आपल्या मुलांनी तो विचारला, तर आपल्यापाशी उत्तर असावे : प्रभूने आपणावर सक्ती केली नाही, म्हणून.